सॅमन-स्टीलहेडसाठी नदीवरचा गाईड कसा निवडावा

ऑक्टोबरात इसाक्वाच्या हॅचरीत (माशांची पिल्लं वाढवून सोडण्याच्या केंद्रात) पुलावरून आणि काचेतून सॅमन बघून झाले की सिएटल-बेलव्ह्यू भागातल्या बऱ्याच मराठी घरांत एक प्रश्न निघतो: हा मासा नदीत गळाने पकडता येतो का? येतो. पण इथल्या नद्या थंड आहेत, ओढ जोरदार आहे आणि नियम नदीगणिक बदलतात. कधी कधी एकाच नदीवर पुलाच्या वर एक नियम आणि खाली दुसरा असतो. रॉड, रीळ, वेडर (पाण्यात उभं राहायचा जलरोधक पोशाख) आणि बोट यांवर खर्च करण्याआधी एक-दोनदा गाईडबरोबर जाणं स्वस्त पडतं आणि जिवाला सुरक्षितही.

गाईड शोधताना बहुतेकजण आधी फोटो बघतात, मग दर, मग मोकळी तारीख. हा क्रम उलटा आहे. आधी मासा आणि महिना ठरवा, मग नदी, मग बोट आणि सगळ्यात शेवटी माणूस. पुढचं सगळं मुख्यतः वॉशिंग्टन आणि ओरेगनबद्दल आहे.

पायरी १: मासा आणि महिना

गाईडला फोन करून "सॅमन पकडायचाय" म्हटलं की तो विचारतो, "कधी?" हा मासा नदीत वर्षभर राहत नाही. समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला ठरावीक आठवड्यांत गोड्या पाण्यात चढतो. ते आठवडे चुकले तर जगातला कुठलाही गाईड काही करू शकत नाही.

सॅमनच्या जातींपैकी नवख्यांसाठी सगळ्यात सोपा पिंक. प्यूजेट साउंडला, म्हणजे सिएटललगतच्या समुद्राच्या खाडीला, मिळणाऱ्या नद्यांत तो विषम वर्षी येतो, म्हणजे २०२५, २०२७ असा. सम वर्षी जवळपास नसतोच. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर हा त्याचा काळ. मासा तीन ते पाच पौंडांचा, संख्येने भरपूर आणि गळाला लागायला फारसे आढेवेढे न घेणारा. मुलांना घेऊन जायचं तर हाच. श्रावण पाळणाऱ्या घरांनी मात्र तारीख देण्याआधी कालनिर्णय बघावं, कारण हंगामाची सुरुवात बऱ्याच वर्षी श्रावणातच पडते.

कोहो सप्टेंबर ते नोव्हेंबर. हा चपळ मासा गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारतो, म्हणून पहिल्या सहलीसाठी कोहोही उत्तम. चिनूक सगळ्यात मोठा, वीस-पंचवीस पौंडांचा सहज असतो. त्याच्या दोन लाटा आहेत. वसंतातली एप्रिल ते जूनच्या सुमाराची, जिच्यासाठी पोर्टलंडची माणसं भर शहरातून वाहणाऱ्या विलामेटवर बोटी लावतात. आणि शरदातली, जी ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या मुखाशी अस्टोरियाजवळच्या ‘बूई टेन’ नावाच्या टप्प्यात सुरू होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच नदीच्या वरच्या हॅनफर्ड रीच या टप्प्यापर्यंत पोचते. नोव्हेंबरात चम येतो. ओढायला दांडगा, पण खायला इतरांपेक्षा फिका.

स्टीलहेडचं प्रकरण वेगळं. हा समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, स्टीलहेडमधले काही परत समुद्रात जातात आणि पुन्हा नदी चढतात. हिवाळी स्टीलहेड डिसेंबर ते एप्रिल, उन्हाळी साधारण जून ते ऑक्टोबर. त्याला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. हिवाळ्यात दोघांच्या बोटीला दिवसात एक-दोन मासे लागले तर दिवस चांगला गेला असं समजतात. रिकाम्या हाताने परतणं नेहमीचं. पहिलीच सहल हिवाळी स्टीलहेडची असेल तर हे आधीच डोक्यात पक्कं करा, नाहीतर चांगल्या गाईडलाही वाईट म्हणाल.

पायरी २: नदी

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: मासा घरी न्यायचा आहे की पकडून सोडायचा आहे? उत्तराप्रमाणे नदी बदलते.

हॅचरीत वाढवून सोडलेल्या बहुतेक माशांचा ॲडिपोज पर लहानपणीच कापलेला असतो. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधला तो छोटा, मांसल, बोटाच्या पेराएवढा पर. तिथे पर नसून बुजलेला वण असेल तर मासा हॅचरीचा, आणि बहुतेक ठिकाणी तो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर मासा बहुधा नदीत जन्मलेला, म्हणजे ‘वाइल्ड’. वॉशिंग्टनमध्ये असा स्टीलहेड सोडावाच लागतो आणि सॅमनच्या बाबतीतही बऱ्याच नद्यांवर तेच. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे हा नियम कोणी सैल करेल अशी आशा ठेवू नका.

ताटात मासा हवा असेल तर हॅचरीची नदी निवडा. सिएटलहून दोनेक तासांवरची काऊलिट्झ हे ठळक उदाहरण. तिथे ब्लू क्रीकजवळ आणि बॅरिअर डॅमखाली हंगामात इतकी गर्दी होते की खांद्याला खांदा लागतो. त्याहून जवळची म्हणजे मन्रोजवळची स्कायकोमिश, तासाभराच्या आत. ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ क्लॅकमस आणि सँडी, किनाऱ्याकडे टिलामुकच्या आसपास विल्सन, ट्रास्क, नेस्टक्का.

मोठा, वाइल्ड स्टीलहेड हातात धरून सोडायचा असेल तर ऑलिम्पिक द्वीपकल्प. फोर्क्स गाव मध्यभागी ठेवून सोल डक, बोगाशील, कलावा, होह. सिएटलहून गाडीने साडेतीन-चार तास, म्हणजे आदल्या रात्री मुक्काम हवाच. इथल्या नियमांवर सतत लक्ष लागतं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात किनाऱ्याच्या नद्यांवर बोटीतून गळ टाकणं आणि आमिष वापरणं, दोन्ही बंद केलं होतं. २०२२ मध्ये स्टीलहेडची संख्या घटल्यामुळे हंगाम १ मार्चलाच गुंडाळला, आणि मार्चची आगाऊ नोंदणी केलेल्यांना तारखा हलवाव्या लागल्या किंवा पैशांवर पाणी सोडावं लागलं. क्विनॉल्ट या मूळनिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातल्या पाण्यावर तर जमातीचाच गाईड लागतो. बाहेरचा गाईड "तिथे नेतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या.

ओरेगनच्या डेशूट्सबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असावी. खालच्या डेशूट्सवर बोट फक्त प्रवासाला. गळ टाकायचा तर काठाला उतरून, पाण्यात उभं राहून. गुडघे कुरकुरत असतील तर ही नदी नको.

पायरी ३: बोट आणि पद्धत

ड्रिफ्ट बोट सपाट बुडाची असते, दोन्ही टोकं वर उचललेली. गाईड मध्ये बसून वल्ही मारतो, पुढे दोघंजण. तिसरा बसतो, पण मग तिघांचे दोर एकमेकांत अडकण्यात निम्मा दिवस जातो. बोट वरून खाली एकाच दिशेने जाते, त्यामुळे एकदा निघालात की पाच-दहा मैल खालच्या उतरण्याच्या जागेपर्यंत मध्येच थांबून घरी जायची सोय नाही. शौचाला काठावर उतरावं लागतं. बायकांनी आणि ज्येष्ठांनी हे आधीच विचारून घ्यावं, संकोच करू नये.

जेट स्लेड म्हणजे वीसेक फुटांची ॲल्युमिनियमची बोट. तिच्या इंजिनाला पंखा नसतो, पाण्याचा झोत असतो, म्हणून ती उथळ खळाळावरूनही वर चढते. चार ते सहाजण बसतात, बऱ्याच बोटींवर गॅसचा हीटर असतो आणि वर छप्परही. भारतातून आईबाबा आले असतील तर स्लेडच घ्या. तोटा एवढाच की एकेक जागा विकलेली असली तर अनोळखी माणसांबरोबर दिवस काढावा लागतो, आणि सहा रॉडमध्ये नवख्याकडे गाईडचं लक्ष कमी जातं.

तिसरा प्रकार म्हणजे बोटीशिवाय, काठाने चालत. माशीचा गळ (पिसा-दोऱ्यांनी किड्यासारखा बांधलेला) टाकणाऱ्यांना, विशेषतः दोन्ही हातांनी धरायच्या लांब स्पे रॉडची हौस असणाऱ्यांना हाच आवडतो. पहिल्या दिवशी स्पे शिकून स्टीलहेडही मिळेल अशी अपेक्षा मात्र धरू नका. त्या दिवशी फेक शिकायला मिळते, तेवढंच.

पद्धतीही विचारून घ्या, कारण काही नवख्यांना जमतात आणि काही नाहीत. फ्लोटखाली (तरंगत्या बोंडाखाली) जिग, म्हणजे वजन लावलेला छोटा गळ, किंवा प्लास्टिकचा मणी सोडून बोट त्याच वेगाने वाहू देणं सगळ्यात सोपं: फ्लोट बुडाला की रॉड उचलायचा. प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष, ओढणं त्याहून सोपं. गाईड धारेविरुद्ध वल्ही मारून बोट हळूहळू मागे उतरवतो आणि रॉड होल्डरमध्ये थरथरत राहतो. साइड-ड्रिफ्टिंगमध्ये शिसं तळाच्या गोट्यांवर टक-टक करत जातं आणि मासा लागला की ती टकटक नुसती थांबते. हे बोटांना कळायला अर्धा दिवस लागतो. मागे उतरत तळाशी आमिष टेकवत नेण्याला बॅक-बाउन्सिंग म्हणतात. चिनूकसाठी ते फार प्रभावी, पण नवख्याने पहिल्या दिवशी नाही करायचं.

आमिष बहुधा सॅमनचीच गाभोळी असते, मीठ-साखर आणि रंगात मुरवलेली. हाताला दिवसभर वास राहतो आणि जॅकेटला डाग पडतो. ते आमिष त्या नदीवर, त्या तारखेला चालतं की नाही हे गाईडला पाठ असायला हवं.

पायरी ४: कागद तपासा

हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

वॉशिंग्टनमध्ये पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्याकडे राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं गाईड लायसन्स हवं. सॅमन कायद्याने ‘फूड फिश’ आणि स्टीलहेड ‘गेम फिश’, त्यामुळे दोन्हींची लायसन्स वेगळी आहेत. दोन्ही मिळून एकत्रित लायसन्सही मिळतं. तुम्ही स्टीलहेडला चाललात आणि माणसाकडे फक्त फूड फिशचं लायसन्स आहे असं होऊ शकतं, म्हणून प्रकार विचारा. ओरेगनमध्ये गाईडची नोंदणी राज्याच्या मरीन बोर्डाकडे असते. आयडाहोत गाईडला परवानाधारक आउटफिटरच्या (सहली चालवणाऱ्या व्यावसायिकाच्या) हाताखालीच काम करावं लागतं, तिथे आउटफिटरचं नाव विचारा.

इंजिनाच्या बोटीने नौवहनयोग्य पाण्यावर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्याकडे कोस्ट गार्डचं कॅप्टनचं लायसन्स लागतं. नद्यांवर दिसणारं नेहमीचं लायसन्स सहापर्यंत प्रवाशांचं, बोलीभाषेत ‘सिक्स-पॅक’. कोलंबिया किंवा काऊलिट्झवर स्लेडने जाताना ते विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही. प्रथमोपचार आणि सीपीआरचं चालू प्रमाणपत्र आणि विमा, हेही. ऑलिम्पिक नॅशनल पार्कच्या हद्दीतल्या पाण्यावर जायचं तर पार्कची व्यावसायिक परवानगी लागते.

खरा लायसन्सवाला गाईड नंबर लगेच देतो, कारण त्याने त्यासाठी पैसे मोजलेत आणि बिनलायसन्सवाल्यांवर त्याचाच राग सगळ्यात जास्त असतो. "त्याची गरज नाही, मी मित्र म्हणून नेतो, पेट्रोलचे द्या" असं ऐकू आलं तर विषय तिथेच संपवा. अपघात झाला तर विमा नाही. शिवाय मासेही नियमात बसतील याची खात्री नाही.

आता फोटो बघा, पण वेगळ्या नजरेने. प्रत्येक फोटोत माशाच्या शेपटीकडचा तो छोटा पर शोधा. पर शाबूत असलेला स्टीलहेड बोटीच्या तळाशी आडवा पडलाय, किंवा कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवलाय, असे फोटो दिसले तर तो गाईड नियम मोडतोय किंवा मासा मारतोय. वॉशिंग्टनच्या नद्यांवर जो मासा ठेवता येत नाही असा वाइल्ड सॅमन किंवा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलायलाच बंदी आहे. चांगल्या गाईडच्या फोटोत माणूस गुडघाभर पाण्यात वाकलेला असतो आणि माशाचं पोट पाण्यात टेकलेलं असतं. फोटो तितका भव्य दिसत नाही, पण तोच बघून माणूस निवडावा.

पायरी ५: फोन

मेसेज नको, फोनच. संध्याकाळी सातनंतर करा. गाईड पहाटे चारला उठतात आणि दिवसभर रेंजबाहेर असतात. "किती मासे मिळतील?" हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याचं प्रामाणिक उत्तर कोणाकडेच नसतं आणि अप्रामाणिक उत्तर कानाला फार गोड लागतं.

विचारायचं ते असं.

"नदी फुगली तर काय करता?" हा सगळ्यात उपयोगी प्रश्न. हिवाळ्यात पाऊस पडला की रात्रीत नदी चहाच्या रंगाची होते. चांगला गाईड सांगतो: आदल्या संध्याकाळी फोन करतो, अमुक नदी लवकर नितळते तिकडे जाऊ, तीही गेली तर तारीख पुढे ढकलू. फोर्क्सच्या बाजूला सोल डक इतरांपेक्षा लवकर नितळते. होहमध्ये माउंट ऑलिम्पसच्या हिमनद्यांचा गाळ येतो, त्यामुळे ती सावकाश नितळते आणि गरम दिवसांत पाऊस नसतानाही दुधाळ होते. हे गाईडच्या बोलण्यात आपणहून आलं पाहिजे. "आम्ही कुठल्याही पाण्यात जातो" म्हणणारा माणूस धोक्याचा आहे. त्याचे पैसे बुडणार नाहीत, तुमचा दिवस बुडेल.

"वल्ही कोण मारणार?" मोठ्या आउटफिटरकडे नोंदणी एकाच्या नावाने होते आणि पहाटे रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) दुसराच उभा असतो. त्यात गैर काही नाही, पण त्याचं नाव आणि लायसन्स आधी कळायला हवं. याच वेळी त्या नदीवर तो किती हंगाम आहे हेही विचारा. मुख्य म्हणजे त्याच नदीवर. पूर आल्यानंतर डोह सरकतात, नवे ओंडके आडवे येतात, आणि मागच्या हंगामातली वाट या हंगामात चालत नाही.

"तुम्ही स्वतः गळ टाकता का?" नवख्यांबरोबर असताना उत्तर ‘नाही’ हवं. पद्धत दाखवायला एखादी फेक ठीक.

"आम्ही दोघं पूर्ण नवखे आहोत, दिवस कसा जाईल?" इथे तो किती नेमका बोलतो ते ऐका. ‘मजा येईल’ पुरत नाही. "पहिला अर्धा तास काठावर फेक दाखवतो, मग फ्लोट, दुपारी जरा जमलं तर साइड-ड्रिफ्ट" असं कोणी सांगितलं तर त्याला शिकवता येतं. काही गाईड मासे शोधण्यात अव्वल असतात, पण दोर गुंतला की ओरडतात. तेही चालतात, पण पहिल्या दिवसाला नाही.

"त्या दिवशी जाळी असतील का?" १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने, सरकारशी करार असलेल्या मूळनिवासी जमातींचा पकडण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्यावरचा हक्क मान्य झाला, आणि किनाऱ्याच्या बऱ्याच नद्यांच्या खालच्या टप्प्यात आठवड्यातल्या ठरावीक दिवशी जमातीची जाळी असतात. जाळी उचलल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत वर ताजे मासे चढतात. हे वेळापत्रक गाईडला तोंडपाठ असतं. त्याबद्दल तो कुरकुर करतो की तारीख सुचवतो, यावरूनही माणूस कळतो.

बोटीत मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हेही. वॉशिंग्टनमध्ये १९ फुटांपेक्षा लहान बोटीत १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी ती घालायलाच लागतात. मोठ्यांनीही घालावीत. जानेवारीतल्या नदीत पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत चालेनासे होतात, पोहता येत असो वा नसो.

दोन-तीन गाईडशी बोला. ज्याने तुमच्या तारखेला "नको, दोन आठवडे थांबा" असं सांगितलं, त्याच्याकडे नोंदणी करा. ऐन हंगामात मोकळा दिवस नाकारणारा माणूस मासा आणि नदी दोन्ही ओळखतो.

पायरी ६: पैसे

दर नदी आणि हंगामाप्रमाणे बदलतात. साधारण अंदाज असा: दोघांसाठी ड्रिफ्ट बोटीचा पूर्ण दिवस ५०० ते ७०० डॉलर, स्लेडवर एका जागेचे २०० ते ३००. दिवस बहुधा आठ तासांचा धरतात. यात काय येतं ते लिहून घ्या. रॉड, रीळ, आमिष, गळ सहसा येतात. गाडी-ट्रेलर खाली पोचवणाऱ्याचे पैसे, जेवण, वेडर, मासा साफ करणं यातलं काही येतं, काही नाही. वर १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे आणि ती मासा मिळाला की नाही यावर ठरत नाही. रोख न्या, रॅम्पवर कार्ड चालेलच असं नाही.

ॲडव्हान्सबद्दल तीन गोष्टी लेखी घ्या: गाईडने पाण्यामुळे रद्द केलं तर काय, सरकारने नदी बंद केली तर काय, तुम्ही रद्द केलं तर किती दिवस आधी. पहिल्या दोन्हींत पैसे परत किंवा तारीख पुढे, हे रास्त. तिसऱ्यात ॲडव्हान्स जातो, तेही रास्त.

पायरी ७: आदला आठवडा

लायसन्स तुमचं तुम्ही काढायचं, गाईडचं लायसन्स तुम्हाला लागू होत नाही. वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षांपासून पुढे लागतं, ओरेगनमध्ये १२ पासून. पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांची तात्पुरती लायसन्स मिळतात. त्याबरोबर सॅमन-स्टीलहेडचं कॅच रेकॉर्ड कार्ड (ठेवलेल्या माशांची नोंद करायचं) घ्यायला विसरू नका. वॉशिंग्टनमध्ये १५ खालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, पण कार्ड त्यांनाही हवं. वॉशिंग्टनचं वार्षिक लायसन्स १ एप्रिल ते ३१ मार्च चालतं, त्यामुळे मार्चअखेरच्या सहलीसाठी काढलेलं लायसन्स पुढच्या आठवड्यात बाद होतं.

रोज संध्याकाळी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) संकेतस्थळावर नदीच्या पाण्याचा आलेख बघा. आकड्यापेक्षा रेघेचा कल महत्त्वाचा. वर चढणारी रेघ वाईट, शिखर गाठून हळूहळू उतरणारी उत्तम. पाणी गढूळातून हिरवट होत जातं आणि दोन ते चार फूट खोल दिसायला लागतं, तेव्हा स्टीलहेड लागतो. महिनाभर पाऊस नसून पाणी काचेसारखं नितळ झालं तर मासे बुजतात, तेही अवघड. नियमांसाठी ‘फिश वॉशिंग्टन’ ॲप उघडा आणि ऐनवेळी होणारे नियमबदल सहलीला निघण्याच्या आदल्या रात्रीसुद्धा तपासा.

कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, थरांवर थर. जीन्स आणि सुती स्वेटशर्ट नको. एकदा भिजले की दिवसभर ओले राहतात. टोपीचं पक्कं रेनकोट, वर रेनपँट, पोलराइज्ड चष्मा. गळ डोळ्याकडे येतो तेव्हा चष्मा कामी येतो, पाण्यात बघण्याचा उपयोग नंतरचा. डब्यात पोळीची गुंडाळी सगळ्यात सोयीची, एका हाताने खाता येते. केळी मात्र घरी ठेवा. बोटीत केळं आणणं अपशकुन मानणारे गाईड इथे बरेच आहेत, आणि पहाटे पाच वाजता रॅम्पवर त्या विषयावर वाद नको.

पायरी ८: बोटीत

नवख्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. प्लग ओढताना रॉडचं टोक दोनदा थडथडलं की माणूस उडी मारून तो होल्डरमधून उपसतो. मासा अजून चाचपत असतो, प्लग तोंडातून निघून जातो. टोक पाण्यापर्यंत वाकून तिथेच राहिलं आणि रीळ किंचाळायला लागलं, की मगच हात लावायचा. त्याआधी हात मांडीखाली ठेवा, गाईड हेच सांगेल. फ्लोटच्या पद्धतीत उलट: फ्लोट किंचित दबला तरी ताबडतोब रॉड उचला.

मासा पळत असताना रीळ फिरवू नका. दोर आत येत नाही, नुसता पिळतो आणि तुटतो. मासा थांबला की गुंडाळा, पळाला की सोडा. आणि बोटीजवळ आल्यावर ओढून जाळ्यात घालायची घाई नको. बहुतेक मासे शेवटच्या दहा फुटांत सुटतात, कारण तेव्हाच माणूस दोर ताठ करून खेचतो. गाईड जाळं पाण्यात धरतो, तुम्ही माशाचं डोकं त्या बाजूला वळवायचं.

ठेवायचा मासा असेल तर लगेच डोक्यात ठोका, कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. रक्त न काढलेला मासा संध्याकाळपर्यंत वास मारतो, मग रस्सा कितीही तिखट करा. आपला कूलर आणि बर्फाच्या दोन पिशव्या गाडीत असू द्या. ठेवलेल्या माशाची नोंद कार्डावर तिथल्या तिथे, शाईने करायची. घरी जाऊन लिहू म्हटलं आणि रॅम्पवर अधिकारी भेटला तर दंड तुम्हाला होतो, गाईडला नाही.

दुपारी दोनच्या सुमारास, एकही मासा नसताना, गाईड काय करतो ते बघा. पद्धत बदलतो का, दोराची जाडी कमी करतो का, दुसऱ्या बोटी गेलेल्या धारा सोडून काठालगतच्या मऊ पाण्यात शिरतो का? की फोन काढून बसतो? पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे जायचं की नाही ते या तासाभरात ठरतं.

हंगाम संपल्यावर कॅच रेकॉर्ड कार्डाची नोंद ३० एप्रिलपर्यंत खात्याला कळवायची असते, एकही मासा लागला नसला तरी.